सायकलला दिवा हवाच! पण कोणता?

एक गोष्ट करून बघा. पुढच्या वेळी रात्री एस.टी.ने किंवा कुणाच्या गाडीने जाल ना, तेव्हा झोपू नका. शक्य तितकं पुढे बसा आणि समोरच्या रस्त्यावर नजर ठेवा. थोड्या वेळाने दिव्यांच्या उजेडात एकदम एक सायकलवाला उगवेल. ड्रायव्हरकाका कचकन ब्रेक मारतील आणि पुटपुटतील, "आता हा कुठून आला?"

तो कुठूनच आलेला नसतो. तो मघापासून तिथेच असतो, आपल्या कडेकडेने नीट चाललेला! त्याला गाडीचे दोन मोठे दिवे मैलभरावरून दिसलेले असतात. त्यामुळे त्याला वाटतं, 'मला गाडी दिसतेय, म्हणजे गाडीवाल्यालाही मी दिसत असणारच.' इथेच सगळा घोटाळा होतो.

आणि हा सायकलवाला पुष्कळदा तुमच्याच वयाचा असतो बरं का. दिवाळी झाली की सहा-सव्वासहालाच अंधार पडतो आणि क्लास सुटतो साडेसातला! सायकल असते, घंटी असते, कधीकधी गिअरसुद्धा असतात. पण दिवा? "तो कशाला? रस्त्यावर दिवे आहेत की!" हेच उत्तर मिळतं ना? चला तर मग, आज या दिव्याचाच जरा समाचार घेऊ या.

आजोबांना विचारा!

तुमच्या आजोबांना विचारा, रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली तर काय व्हायचं? चौकात पोलीस शिट्टी मारून थांबवायचा आणि दंड भरावा लागायचा. त्यामुळे दिवा हवाच. आधी रॉकेलचे दिवे होते, मग डायनॅमो आला. बाटलीच्या आकाराचा हा डायनॅमो टायरला टेकवायचा. चाक फिरलं की त्याचं डोकं फिरायचं आणि वीज तयार व्हायची. किती? अवघी तीन वॅट! त्यातली बहुतेक पुढच्या दिव्याला आणि उरलेली थोडीशी मागच्या लाल दिव्याला. पायडल मारायला जड जायचं, आणि सिग्नलला थांबलं की दिवा गुल! म्हणजे भर चौकात, जिथे दिवा सगळ्यात जास्त हवा, तिथेच अंधार. शिवाय तारेचा बल्ब विजेचा उजेड थोडा करायचा आणि उष्णताच जास्त.

हे चित्र पालटलं एलईडीने. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, पण पांढरा उजेड मिळवायला निळा एलईडी लागतो आणि तोच जमत नव्हता. तीन शास्त्रज्ञांनी तो जमवला : इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा. या कामासाठी त्यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल पारितोषिक मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळसर लेप दिला की पांढरा उजेड पडतो. तुमच्या सायकलच्या मुठीएवढ्या दिव्यात हेच नोबेल पारितोषिक बसलेलं आहे. आता बोला!

दिव्याची दोन कामं

सायकलच्या दिव्याला दोन अगदी वेगवेगळी कामं असतात. एक, आपल्याला रस्ता दिसणं. दोन, आपण दुसऱ्याला दिसणं. दुकानात गेल्यावर आपण फक्त पहिल्या कामाचा विचार करतो आणि "जास्तीत जास्त उजेडवाला द्या" म्हणतो. पण जीव वाचवण्याच्या दृष्टीने आधी बघायचं ते दुसरं काम.

थोडं गणित करू या. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. काही दिसलं, ते काय आहे हे कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे २१ मीटर तर तिथेच गेले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी १४ मीटर तरी हवेत. बेरीज ३५ मीटर. आणि गडद कपड्यातला, दिवा नसलेला माणूस डिपरच्या उजेडात कित्येकदा २५-३० मीटरवर आल्यावरच दिसतो! वजाबाकी तुम्हीच करा. ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी हे गणित त्याच्या हातात नसतं. ते तुमच्या हातात असतं.

आधी मागचा दिवा

म्हणून पैसे थोडेच असतील, तर आधी पुढचा नव्हे, मागचा लाल दिवा घ्या. समोरून येणारी गाडी तुम्हाला निदान दिसते, कडेला तरी होता येतं. मागून येणाऱ्याचं काय? आपल्या पाठीला डोळे नसतात.

हा दिवा लालच का? आगगाडी आठवा. शेवटच्या डब्याच्या मागे लाल दिवा असतो. त्यावरून स्टेशनवरच्या माणसाला कळतं की गाडी इथे संपली, डबे मागे सुटलेले नाहीत. रस्त्यावरही तोच ठरलेला अर्थ आहे. लाल दिसलं म्हणजे ही कुणाची तरी पाठ आहे, आणि पांढरं दिसलं म्हणजे कुणीतरी आपल्याकडे येतंय. काही मुलं हौसेने मागे निळे-हिरवे दिवे लावतात. छान दिसतात, पण ड्रायव्हरला क्षणभर कळतच नाही की हे काय आहे. तो क्षणच महाग पडतो.

मागच्या दिव्याला फार ताकद लागत नाही. तो लांबून दिसतो का आणि थोडं बाजूने बघितलं तरी दिसतो का, एवढंच तपासायचं. तो लावायची जागाही महत्त्वाची. सीटखालच्या दांड्यावर लावला आणि वर दप्तर लोंबत असलं, तर दिवा असून नसल्यासारखा!

न पेटणारा दिवा

आता एक गंमत. असाही एक 'दिवा' आहे ज्याला सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही आणि बटणही नसतं. तो म्हणजे रिफ्लेक्टर! नव्या सायकलला मागे लाल, पुढे पांढरा आणि पायडलला पिवळे रिफ्लेक्टर असतात. आपण ते 'कसले हे प्लास्टिकचे तुकडे' म्हणून काढून टाकतो किंवा चिखलाने माखू देतो.

एक प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत भिंतीशी सायकल उभी करा. आपल्या कानाजवळ टॉर्च धरून रिफ्लेक्टरवर मारा. तो झगझगीत पेटेल! आता तुम्ही तिथेच थांबा आणि टॉर्च मित्राच्या हाती देऊन त्याला चार पावलं बाजूला उभं करा. त्याने टॉर्च मारला तरी तुम्हाला रिफ्लेक्टर जवळजवळ काळाच दिसेल. असं का? कारण त्याच्या आत बारीक बारीक कोपरे असतात, खोलीच्या कोपऱ्यासारखे, तीन बाजू एकमेकींशी काटकोनात. अशा कोपऱ्यात शिरलेला किरण आल्या दिशेलाच परत जातो. गाडीच्या दिव्याचा उजेड थेट ड्रायव्हरकडेच परत!

हीच युक्ती चंद्रावरही आहे. १९६९ साली अपोलो ११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर असे १०० कोपरे बसवलेली पेटी ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण त्यावरून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून चंद्राचं अंतर मोजतात. २०२३ साली चंद्रावर उतरलेल्या आपल्या चांद्रयान-३च्या विक्रमवरही असे आठ छोटे कोपरे आहेत. तेव्हा चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर आज फडक्याने पुसून घ्या. तो चांद्रयानाचा भाऊबंद आहे!

पायडलचे पिवळे रिफ्लेक्टर तर मुळीच काढू नका. १९७३ साली गुन्नार योहानसन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवरचे ठिपके हलताना दिसले, तरी आपला मेंदू झटकन ओळखतो, 'हा माणूस आहे!' वरखाली होणारे दोन पिवळे ठिपके ड्रायव्हरला नेमकं हेच सांगतात.

पण लक्षात ठेवा, रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. समोरच्या गाडीचाच दिवा बंद असला किंवा ती वळणावरून येत असली, तर त्याचा उपयोग नाही. तो दिव्याचा सोबती आहे, बदली कामगार नव्हे.

आता पुढचा दिवा

पुढच्या दिव्याच्या खोक्यावर एक शब्द मोठ्या अक्षरात असतो : ल्यूमेन. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं हे माप. पण तो पडतो कुठे, हे ल्यूमेन सांगत नाही. झाडांना पाणी घालताना नळीचं तोंड बोटाने दाबलं की तेच पाणी लांब एका जागी जातं, आणि झारीने घातलं की जवळच पसरतं. पाणी तेवढंच! उजेडाचंही तसंच आहे. एका जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप म्हणजे लक्स.

मग तुम्हाला किती ल्यूमेन हवेत? ते तुमच्या वाटेवर ठरतं.

शहरात, रस्त्यावर दिवे असतील तर ५० ते १०० ल्यूमेन पुष्कळ झाले. इथे रस्ता दिसायला नाही, तर समोरच्याला आपण दिसायला दिवा हवा.

गावाबाहेरचा डांबरी रस्ता, जिथे खांब आहेत पण दिवे नाहीत (किंवा दिवे आहेत पण वीज नाही!), तिथे २०० ते ३०० ल्यूमेन हवेत. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने जात असाल तर खड्डा दिसल्यापासून थांबेपर्यंत सुमारे नऊ-दहा मीटर जातात. म्हणजे त्याच्याही पुढचं दिसायला हवं.

पाणंद, पाटाचा रस्ता, बांधावरची वाट किंवा माळावरची पायवाट असेल, तर जरा पसरट उजेड हवा. पुढे लांब बघण्यापेक्षा दोन्ही कडा आणि वळण दिसणं महत्त्वाचं. सावकाश चालवलं तर ३०० ल्यूमेनमध्ये भागतं. घोणशीसारखा साप बहुधा रात्री बाहेर पडतो, तोही वेळेवर दिसायला हवा ना! ऊसतोडीच्या हंगामात तर अंधारात उभी ट्रॉलीसुद्धा पुढ्यात येऊ शकते, आणि तिच्या मागे लाल दिवा असेलच असं नाही.

खोक्यावरच्या आकड्यांची परीक्षा

आता सगळ्यात मजेचा भाग. स्वस्त दिव्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, '१००० ल्यूमेन! सलग ६ तास!' खरं की खोटं? तुम्ही दुकानात उभ्या उभ्या तपासू शकता. गुणाकार-भागाकार आला की झालं.

दिव्यातल्या सेलवर 'एमएएच' असा आकडा असतो. समजा तो २००० आहे. त्याला ३.७ व्होल्टने गुणा आणि १००० ने भागा. उत्तर ७.४ वॅट-तास. ही झाली सेलमधली शिदोरी. चांगला एलईडी दिवा एका वॅटमध्ये साधारण १०० ल्यूमेन देतो. म्हणजे या शिदोरीत ७४० 'ल्यूमेन-तास' उजेड आहे. २५० ल्यूमेनने लावला तर जवळजवळ तीन तास चालेल. १००० ने लावला तर पाऊण तासातच मान टाकेल. आणि खोक्यावर सांगितलं होतं १००० गुणिले ६, म्हणजे ६००० ल्यूमेन-तास! आठपट थाप.

अशीच थाप सेलवरही असते. या दिव्यांत बहुतेक वेळा १८६५० नावाचा सेल असतो. हे नाव म्हणजे त्याचं माप आहे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. एवढ्याशा सेलमध्ये चांगल्यात चांगला माल साधारण ३५०० एमएएच भरतो. त्यावर ९९०० छापलेलं दिसलं, तर हसा आणि पुढच्या दुकानात जा.

खरं वाटणारं खोकं कसं असतं? त्यावर प्रत्येक पायरीचे ल्यूमेन आणि त्या पायरीवर चालण्याचे तास वेगवेगळे दिलेले असतात. आकडे लहान असतात, पण गणित जुळतं. लहान आणि खरा आकडा मोठ्या आणि खोट्या आकड्यापेक्षा केव्हाही चांगला, परीक्षेतही आणि दिव्यातही!

कुठे लावाल, कसा लावाल?

पुढचा दिवा हँडलवर लावा आणि थोडा खाली झुकवा. उजेडाचा मधला भाग आठ-दहा मीटरवर, म्हणजे चार-पाच सायकली ओळीने ठेवल्या तर जिथे पोचतील तिथे रस्त्याला टेकला पाहिजे. सरळ समोर रोखलेला दिवा झाडांच्या शेंड्यांना उजेड देतो आणि समोरून येणाऱ्या आजोबांचे डोळे दिपवतो. दिपलेला माणूस आपल्याच अंगावर येतो!

डोक्याला दिवा लावला तर? वळणावर उपयोग होतो, कारण आपण बघू तिकडे उजेड जातो. पण एक तोटा आहे. खड्डा आपल्याला दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. दिवा डोळ्यांजवळ असला की सावली खड्ड्यामागेच लपते आणि रस्ता सपाट भासतो. दिवा खाली असला की प्रत्येक दगडाची लांब सावली पडते. घरी फरशीवर दोन-चार खडे ठेवून टॉर्च वरून आणि खालून मारून बघा, लगेच कळेल. म्हणून एकच दिवा असेल तर तो हँडलवरच.

मोबाइलचा टॉर्च एका हातात धरून सायकल चालवणं मात्र अजिबात नको. ब्रेकवरचा एक हात जातो आणि उजेड भलतीकडेच नाचतो.

लुकलुकता ठेवावा की सलग? लुकलुकणारा पटकन लक्ष वेधतो, पण तो किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. जर्मनीत तर सायकलला लुकलुकणाऱ्या दिव्याची परवानगीच नाही. रात्री पुढचा दिवा सलग ठेवा. मागे एकच असेल तर तोही सलग. दोन असतील तर एक सलग आणि एक लुकलुकता चालेल.

पाऊस आणि सेल

आपल्याकडे चार महिने पाऊस. तेव्हा खोक्यावर 'आयपीएक्स४' असं लिहिलेलं आहे का ते बघा. म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी दिवा सोसतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतंय ना, तेही बघा. बहुतेक दिवे तिथूनच आजारी पडतात.

घरी वीज नियमित असेल तर यूएसबीवर चार्ज होणारा दिवा स्वस्त पडतो. सारखी वीज जात असेल तर पेन्सिल सेलवर चालणारा बघा, सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. चार्जिंगच्या दिव्यातला सेल फुगलेला दिसला, तर तो वापरायचा नाही, उघडायचा नाही आणि कचऱ्यात टाकायचा नाही. मोठ्यांना सांगून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायचा.

खिशात किती आहेत?

काहीच नसतील तर रिफ्लेक्टर पुसा आणि फिकट रंगाचा शर्ट घाला. थोडे असतील तर चकाकणारी रिफ्लेक्टर टेप आणा. मागच्या मडगार्डवर लाल, काट्यावर पांढरी आणि दप्तराच्या पाठीवरही एक पट्टी. दीड-दोनशे ते तीनशे रुपये जमले की मागचा लाल दिवा. मग पुढच्या वाढदिवसापर्यंत साठवून पुढचा दिवा. साधा आणि खरा दिवा साधारण चारशे-पाचशे रुपयांपासून मिळतो. हजारो रुपयांचा दिवा डोंगरात शर्यती करणाऱ्यांना. आपल्याला क्लासहून घरी यायचं आहे!

दिवा आणल्यावर त्याची परीक्षा घ्या. संध्याकाळी पूर्ण चार्ज करून लावून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने वहीत नोंद करा. मग मित्राला सायकल घेऊन पन्नास पावलांवर उभं करा आणि मागून, बाजूने, समोरून बघा. दिसतोय का? जिथून दिसत नाही तिथे टेप चिकटवा.

आई-बाबांसाठी चार ओळी

पालकहो, मुलगा किंवा मुलगी "उद्यापासून सायकलनेच जाईन" म्हणते, तेव्हा आपल्याला अंधाराची काळजी वाटते आणि पुष्कळ घरांत सायकलच बंद होते, मुलींची तर आधी. काळजी खरी आहे, पण तिच्यावरचा पहिला उपाय फार महाग नाही. सायकल घेताना हजारो रुपये मोजतो, त्यात मागचा दिवा त्याच दिवशी घ्या. आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः त्यांच्या मागून स्कूटरवर जाऊन बघा, मूल दिसतंय का. आणि पाणंदीने किंवा माळावरून रात्री एकट्याने जायचं नाही, निघताना घरी सांगायचं, हा नियम मात्र पक्का ठेवा. दिवा रस्ता दाखवतो, सोबत देत नाही.

आता पुन्हा त्या एस.टी.त बसू या. पुढे अंधार आहे. तेवढ्यात लांब, पार वळणावर, एक लाल ठिपका दिसतो. त्याच्याखाली दोन पिवळे ठिपके वरखाली होतायत. ड्रायव्हरकाका काही पुटपुटत नाहीत. ब्रेकही मारत नाहीत. फक्त स्टिअरिंग जरासं उजवीकडे घेतात आणि गाडी ऐसपैस जागा सोडून पुढे निघून जाते. सायकलवरच्या मुलीला काही झालं हे कळतसुद्धा नाही. ती घरी जाऊन जेवायला बसते.

ती मुलगी, तो मुलगा तुम्ही व्हा. कराल ना? मग उठा, आधी तो रिफ्लेक्टर पुसा पाहू!